उभं ठेवलेलं गवत

दिवाळी सरून महिना होत आला, तरी डिंगोऱ्याच्या म्हस्कूनं टेकाडावरचं गवत कापलं नव्हतं. आता हे काय शहाण्या माणसाचं लक्षण झालं? घरात चाळीस मेंढरं, आणि गवत कुसळावर आलेलं. कुसळ लोकरीत शिरलं की थेट कातड्यात घुसतं, हे मेंढपाळाच्या घरात रांगत्या पोरालाही ठाऊक असतं.

"कापून घ्या की राव," शेजारचा दादाभाऊ रोज बांधावरून टोकायचा.

"ढोपर धरलंय माझं," म्हस्कू ठोकून द्यायचा. आणि त्याच ढोपरानं रोज टेकाड चढून गवत बघून यायचा!

खरी गोष्ट निराळीच होती. त्याच्या बायकोला, तुकाबाईला, मोतीबिंदूमुळं चार वर्षं सगळं ताकातून बघितल्यासारखं दिसत होतं. दर कार्तिकात ती ओट्यावर बसून विचारायची, "टेकाड कसं दिसतंय वो?"

"पिवळं."

"आन् काय?"

"आन् काय असायचं? पिवळं!" म्हणत म्हस्कू विळ्याला धार लावायला बसायचा.

यंदा मंचरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला दिवाळीआधीची तारीख दिली होती. ऐनवेळी तुकाबाईची साखर वाढली आणि तारीख पुढं गेली. परतताना एसटीत ती एवढंच म्हणाली, "म्हंजी मला दिसाया लागंल तवर गवत कापून झालेलं असायचं." घरी येऊन म्हस्कूनं विळा आढ्याला खोचून ठेवला.

अखेर ऑपरेशन पार पडलं. नवव्या दिवशी, उन्हं कलताना, काळा चष्मा लावलेली तुकाबाई नवऱ्याचा हात धरून टेकाडापाशी आली. आल्या आल्या तिनं चष्मा कपाळावर चढवला.

"अगं, डॉक्टर काय म्हनलं..."

"गप ऱ्हावा जरा."

ती बघतच राहिली. मग उसळून म्हणाली, "ह्याला पिवळं म्हनत व्हता व्हय तुमी? अवो, शेंडं बघा की, तांबूस हायेत! दगडांपाशी जांभळट झालंय. पळसाखाली अजून हिरवं हाय. आन् वारं आलं की समदं कसं लखलखतंय!"

म्हस्कूनं तिच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. पन्नास वर्षं तो या गवतात वाकला होता, पण विळ्याच्या पात्याखाली येईल तेवढंच त्यानं पाहिलं होतं. खरंच की, शेंडे तांबूस होते. दगडांपाशी जांभळट होतं. लई देखणं होतं सगळं, आणि चार वर्षं त्यानं ते एका शब्दात उरकलं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तुकाबाईची नजर त्याच्या धोतराकडं गेली. ते कुसळांनी भरलं होतं. "अगं बया! आन् मेंढरं?"

"हिकडं फिरकू दिली न्हाईत."

"येडं का खुळं तुमी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "उद्या कापा बरं का समदं." मग तिनं त्याला शेजारच्या दगडावर बसवलं आणि पुन्हा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. "आता सांगा, टेकाड कसं दिसतंय?"

म्हस्कू टेकाडाकडं तोंड करून बसला.

"थांब," तो म्हणाला, "नीट बघून सांगतो."