शेवटची पानं चिकटली आहेत हो!

मी पुस्तक बोलतोय. चित्रांचं, लहान मुलांचं. आता लगेच 'अय्या, किती गोड!' म्हणू नका. ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मी वैतागलोय, आणि आज सगळं बोलून टाकल्याशिवाय मी काही फडताळात परत जायचा नाही.

माझा जन्म एस्टोनियातल्या एका छापखान्यातला, पण मला रेखाटलं ते इथल्याच, टांपेरे शहरातल्या, एका बाईने. माझी गोष्ट अगदी साधी आहे. अस्वल हिवाळ्यासाठी लाकडाची घसरगाडी बनवतं. खार ती न विचारता नेते आणि टेकडीवरून आपटून तिचे तुकडे करते. अस्वल घरात जातं आणि दार लावून घेतं. मग शेवटच्या दोन पानांवर ते दार उघडून बाहेर येतं आणि पायरीवर बसतं. खार भीत भीत येते. अस्वल जरासं सरकतं, खार शेजारी बसते. अस्वलाच्या भुवया अजून आवळलेल्याच आहेत. बस्स, गोष्ट संपली.

प्रकाशक म्हणाला होता, "बाई, शेवटी एक मिठी टाका की. मिठी खपते!"

"माझ्या अस्वलाचा राग अजून गेलेला नाही," बाई म्हणाली. "त्याला मी खोटं वागायला लावणार नाही." त्या बाईचा मला फार अभिमान वाटतो.

पण तिने जे जिवापाड जपलं ते शेवटचं चित्र वाचलं जाणं माझ्या नशिबीच नव्हतं. मी आलो एका बालवाडीत, 'ससे' नावाच्या गटात, तिथल्या शिक्षिकेच्या, मार्केताच्या हातात.

मार्केता मनाने फार चांगली आहे, हीच तर खरी अडचण. चित्रांच्या पुस्तकांतून मुलांना भावना कशा शिकवाव्यात याचं एक शिबिर ती करून आली होती, आणि त्या दिवसापासून तिने मला एकदाही सरळ वाचलं नाही. पान उलटलं की थांब. भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता होता, हसरा, रडका, रागीट, घाबरलेला. त्यावर बोट ठेवून ती विचारायची, "मुलांनो, अस्वलाला इथे काय वाटत असेल?"

"दुःख!" सगळी पोरं एका सुरात ओरडायची. त्यांना कळून चुकलं होतं की 'दुःख' म्हटलं की मार्केता मान हलवते आणि गाडी पुढे जाते. तिसऱ्या पानावर अस्वल मजेत घोरत पडलंय. तिथेही 'दुःख!' मला अगदी कपाळ बडवून घ्यावंसं वाटायचं.

असं थांबत थांबत आम्ही घसरगाडी मोडेपर्यंत पोचायचो, तोवर स्वयंपाकघरातून मटारच्या सुपाचा वास यायचा आणि मार्केता मला मिटून टाकायची. "उरलेलं उद्या हं!" दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. विकत घेतानाही तिने मला मधूनच चाळलं होतं. म्हणजे माझा शेवट त्या बालवाडीत कुणालाच ठाऊक नव्हता. खुद्द तिलाही नाही!

त्यात जंगलाची सहल निघाली. ऑक्टोबरातला गारठा, वर बारीक पाऊस, पण इथे पाऊस आहे म्हणून कुणी घरात बसत नाही. पोरं रबरी कपडे चढवून चिखलात लोळत होती. मार्केताने मलाही पिशवीतून नेलं होतं, निसर्गात भावना शिकवायला. थर्मासमधून निळ्या बेरींचं गरम पेय ओतताना तिचा हात सटकला, आणि ते सगळं माझ्या शेवटच्या पानांत गेलं. त्यात बटाट्याचं पीठ घालून ते चांगलं दाट केलेलं असतं. खळच म्हणा ना!

परत आल्यावर तुओमोने मला पुसलं. तुओमो म्हणजे मार्केताचा मदतनीस, मुलांचे बूट चढवणारा, नाकं पुसणारा. त्याने मला वाळवायच्या गरम कपाटात टाकलं, चाळीसेक ओल्या हातमोज्यांच्या सोबतीने. मी वाळलो. पण शेवटची दोन पानं एकमेकांना अशी काही चिकटली की त्यांचं एकच जाड पान होऊन बसलं. आता बंद दाराचं चित्र उलटलं की थेट कोरं पान यायचं.

एकदा सुपाला उशीर झाला आणि मार्केता चक्क त्या दारापर्यंत पोचली. पान उलटून तिने पाहिलं, पुढे काही नाही. "अरेच्चा, इथे संपतं होय!" ती म्हणाली. मी आतल्या आत ओरडत होतो, अगं बाई, नख लाव, जरा नख लाव! पण पुस्तकाचं कोण ऐकतं?

आता खरी हकीकत सांगतो. शुक्रवारी मुलं घरून आपापलं खेळणं आणतात. केर्तूने बदक आणलं होतं. केर्तू म्हणजे पाच वर्षांची, ठेंगणी, कपाळावर आडवे केस कापलेली. ते बदक तिच्या बाबांनी स्वतःचा जुना स्वेटर कापून शिवलं होतं, एक डोळा वर, एक खाली. हिल्मा तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी जेवायला शेजारी, झोपायला शेजारी. हिल्माला बदक हातात हवं होतं, केर्तू देईना. हिल्माने ते हिसकावलं, अंगणातल्या डबक्यात फेकलं आणि वर बूट ठेवून उभी राहिली.

मार्केता धावली. मग इथे सगळीकडे होतं तेच झालं. भांडण झालं की एकाने म्हणायचं 'माफ कर', लगेच दुसऱ्याने म्हणायचं 'माफ केलं', आणि मोठी माणसं सुटकेचा श्वास टाकणार.

"माफ कर," हिल्मा क्षणात म्हणाली. ती या कामात तरबेज होती.

"छान! आता केर्तू, तू काय म्हणशील?"

केर्तू काहीच म्हणाली नाही. चिखल गळणारं बदक पोटाशी धरून ती नुसती उभी राहिली. सोमवारीही काही म्हणाली नाही, मंगळवारीही नाही. ती 'माफ केलं' तर म्हणेनाच, पण बालवाडीत एक शब्दही बोलेना. मार्केता तिच्यावर रागावली नाही, आवाजही चढवला नाही. दर तासाला जवळ बसून मऊ आवाजात विचारायची, "झाली का गं तयारी म्हणायची?" या मऊपणाने तर मला जास्त चीड यायची.

"मार्केता, पोरीला राहू दे की जरा," तुओमो म्हणाला.

"राहूच देतेय. तिला हवा तेवढा वेळ देतेय मी."

"वेळ देतेस गं, पण वदवून तेच घेणार ना शेवटी?"

"मग काय करू? येत्या सोमवारपर्यंत मिटलं नाही तर तिला मुंग्यांच्या गटात पाठवायचं ठरतंय. दोघींना लांब ठेवा म्हणतात वरून." तिलाही ते नको होतं, हे मी मान्य करतो.

आणि मग तिने काय करावं? मलाच हत्यार केलं! केर्तूला मांडीवर घेऊन बंद दाराचं पान उघडलं. "बघ केर्तू, अस्वलाने खारीला माफ केलं नाही. दार लावून बसलं. आणि शेवटी काय झालं? एकटं पडलं बिचारं. संपली गोष्ट."

माझा संताप संताप झाला. ज्या अस्वलाला रागावण्याची मुभा मिळावी म्हणून एका बाईने प्रकाशकाशी भांडण केलं, तेच अस्वल आता पोरीला धाक घालायला उभं केलं होतं. केर्तू त्या दाराकडे पाहत राहिली. ती मुकाट्याने उतरली आणि मला घेऊन बाहेरच्या खोलीत गेली, जिथे बूट आणि कपडे असतात.

बाकावर बसून तिने त्या दारावर बोटाने टकटक केलं. पान उलटलं, कोरं. पुन्हा दार, पुन्हा कोरं. मग तिला ते पान जाड लागलं. तिने चिमटीत धरून पाहिलं. मी जीव मुठीत धरून बसलो. तिने कोपरा चक्क तोंडात घातला आणि चोखला. बेरीची चव लागली असणार, कारण तिने आणखी चोखला! मग शेजारचा ओला हातमोजा उचलून पानावर दाबला आणि हळूहळू सोलायला लागली. दुखलं. अस्वलाचा एक कान फाटून समोरच्या पानाला चिकटून राहिला. पण पानं उघडली.

ती कितीतरी वेळ बघत होती. पायरी, खार, सरकलेलं अस्वल, त्याच्या आवळलेल्या भुवया.

तेवढ्यात हिल्मा आत आली, नाक ओढत. केर्तूला पाहून दारातच थबकली. "माफ कर," ती सवयीने म्हणाली. मग तिलाच ते अपुरं वाटलं असावं. "मला तुझ्या बदकाचा राग आला होता. तू सारखी त्याच्याशीच बोलत होतीस."

"मी अजून रागावलेय," केर्तू म्हणाली. शुक्रवारपासूनचे हे तिचे बालवाडीतले पहिले शब्द.

"खूप?"

"खूप."

"उद्या जाईल का राग?"

"उद्या नाही."

हिल्माचे डोळे भरले. "मग तोवर मी कुठे बसू?"

केर्तूने तिच्याकडे पाहिलं नाही. भुवया तशाच आवळून ती बाकावर थोडी सरकली. "इथेच," ती म्हणाली.

दोघी बसल्या, मी दोघींच्या मांडीवर अर्धा अर्धा. खोलीच्या दारात मार्केता उभी होती. कधीपासून, देव जाणे. 'आता म्हण बघू' एवढं तिच्या अगदी ओठांवर आलेलं मला दिसत होतं. ती खाली वाकली, फाटक्या पानाकडे पाहिलं आणि ते ओठ मिटले. मग ती बुटांच्या चिखलात तशीच जमिनीवर बसली.

"हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "पुढे काय होतं, केर्तू?" आजवर तिने मुलांना हजारो प्रश्न विचारले असतील, पण ज्याचं उत्तर तिला खरोखर ठाऊक नाही असा हा पहिलाच.

"माहीत नाही," केर्तू म्हणाली. "आत्ता ते नुसते बसलेत."

केर्तू मुंग्यांकडे गेली नाही. 'माफ केलं' हे शब्द मी तिच्या तोंडून आजतागायत ऐकलेले नाहीत, आणि दोघी रोज नव्याने भांडतात. माझ्या अस्वलाचा कान तुओमोने चिकटपट्टीने लावलाय, तोही तिरका. मार्केता अजूनही प्रत्येक पानावर थांबते आणि पोरं अजूनही 'दुःख!' ओरडतात. चालायचंच.

पण मोठ्यांनो, माझी एक विनंती ऐका. मला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदा, फक्त एकदा, न थांबता वाचा. आणि शेवटी पोर गप्प बसलं तर त्याला काय वाटतंय ते विचारू नका. त्याच्या शेजारी बसा.