चंद्रीचं दावं

अंगदनं माह्या फोनात एक बाई बसवून दिली. माणूस न्हाई, मशीन. एआय म्हणतेत तिला. "आई, तू हिच्याशी बोल. ही पुण्यात माह्या फोनातल्या मशीनला सांगंल, मंग मला सगळं कळंल." तवापासून पोरगं फोनच करीना! मी रोज सांगायची, गुडघा ठणकून राह्यला, चंद्रीनं पान्हा चोरला, घर खायला उठतंय. ती म्हणायची, "निरोप पोचवला." जळलं मेलं ते पोचवणं!

चंद्री माही म्हैस. धनी गेल्यावर केदारखेड्यात मला बोलायला तीच.

परवा सकाळी फोनातली बाई म्हणली, "अंगदच्या सहायकाचा, म्हणजे त्यांच्या फोनातल्या मशीनचा, निरोप आहे. तुमचा गुडघा दुखतो, म्हणून चंद्री विकली आहे. आज गाडी येईल. दाव्यासकट द्यावी."

म्या इचारलं, "अगं बये, अंगद सोता बोलला का?"

"निरोप त्यांच्या सहायकाकडून आला आहे, म्हणजे खात्रीचा आहे."

बघा! एका मशीननं सांगितलं अन् दुसरीनं मान डोलावली. तेवढ्यात टेम्पो दारात. पोराचा शब्द कसा मोडू? रडत रडत चंद्रीच्या गळ्यातलं दावं सोडाया लागले.

"राहू द्या मावशी," टेम्पोवाला म्हणला, "दाव्यासकटच न्यायची है."

निरोपातबी तेच व्हतं, पर रडण्याच्या नादात ध्यानात आलं न्हवतं. तिथं माहं टाळकं सरकलं. आमच्यात जनावर इकलं तरी दावं घरीच ठिवतेत, त्याच्यासंगं गोठ्याची बरकत जाती. ल्हानपणी बैल इकला तवा अंगद त्याचं दावं उशाला घेऊन झोपला व्हता. तो असं सांगंल? बिलकुल न्हाई! "चालता हो मेल्या!" म्हणून काठी उगारली, तसा टेम्पो जल्दी पळाला.

माह्या फोनावर आता भरवसा न्हवता, मंग शेजारच्या दुर्गाबाईच्या फोनवरून अंगदला लावला. "आई?" म्हणला, अन् मला हुंदकाच फुटला. किती दिसांनी आवाज ऐकला!

सगळं ऐकून, तपासून तो म्हणला, "म्या न्हाई सांगितलं आई. दोन्ही मशीनींचं बोलणं मधी कुणीतरी चोरून ऐकत व्हतं. तू बोललेलं सगळं त्यानं रोज ऐकलं, अन् माह्या मशीनच्या नावानं खोटा निरोप घातला."

"अन् तू? तू ऐकत व्हता ना रोज?"

अंगद हळूच म्हणला, "माही मशीन सगळ्याचं सार काढून मला नुसतं 'आई बरी आहे' एवढंच सांगायची गं. मी तेवढंच बघायचो."

म्हंजी माहा गुडघा, माही चंद्री, माहं एकलेपण रोज ऐकलं ते त्या चोरानं.

फोन दुर्गाबाईला दिला अन् चंद्रीचं दावं परत बांधाया गेले.