न दिलेल्या नमुन्याचा रिपोर्ट

लॅबमध्ये त्याला सगळे तराजू म्हणत, कारण त्याची मोजणी कधी चुकत नसे. पुरुषांच्या वीर्याचे नमुने मायक्रोस्कोपखाली धरायचे, त्यात शुक्राणू किती, त्यातले पोहणारे किती, जागच्या जागी थिजलेले किती, हे मोजून कागदावर आकडा टाकायचा, हे त्याचं अकरा वर्षांचं काम. परक्या घरांची आशा-निराशा त्याच्या हातून जात असे. स्वतःच्या घरचं मात्र त्याने एकदाही मोजलं नव्हतं.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. खोट सुनेत आहे, असं त्याच्या आईने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं आणि त्याने ते ठरू दिलं. डॉक्टरांनी नवऱ्याचा रिपोर्ट मागितला, तेव्हा या गृहस्थाने काय करावं? नमुना न देताच लॅबच्या कागदावर स्वतःच्या नावाने ‘सर्व ठीक’ असं छापून घेतलं! त्या कागदाच्या भरवशावर दोन वर्षांपूर्वी बायकोच्या पोटात दुर्बीण घातली गेली. सापडलं काहीच नाही. भुलीतून ती फार उशिरा उठली आणि उठल्यावर बराच वेळ तिला कोणी ओळखू येईना. आता या गुरुवारी पुन्हा तेच व्हायचं होतं. मंगळवारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “या वेळी मी उठले नाही तर...” आणि वाक्य तसंच सोडून देठं गोळा करून आत गेली.

ते अर्धं वाक्य त्याच्या मानगुटीवर बसलं. बुधवारी सकाळी त्याने दुसऱ्याच नावाने स्वतःचा नमुना रांगेत ठेवला. धाकधूक होती, तशी आशाही होती. आपल्या मामांच्या सांगण्यावरून तो सबंध महिना बायकोपासून लांब राहिला होता. साठवलं की जोर वाढतो, असं मामा छातीठोकपणे सांगत. रोज आलेल्या माणसांना ‘दोन ते सात दिवसच थांबा’ म्हणून बजावणारा हा माणूस, पण कामावरचं शहाणपण तो पांढऱ्या कोटासोबत खुंटीला टांगून घरी जायचा. त्या महिन्याची सगळी तगमग त्याने सिगरेटींवर काढली होती. दिवसाला एक पाकीट पुरेनासं झालं होतं.

त्याने भिंगाला डोळा लावला. नजरेच्या त्या गोल चकतीत शुक्राणू होते, पण बहुतेक निपचित पडले होते. कुणाची शेपटी तुटलेली, कुणाचं डोकं वेडंवाकडं, आणि हलणारे जे थोडे होते त्यांतलेही बरेच जागच्या जागी थरथरत होते. त्याने कागदावर लिहिलं, पोहणारे शंभरात पन्नास.

पण त्या लॅबचा नियम असा की प्रत्येक स्लाइड दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि मग आकडे ताडून बघायचे. दुसरी मोजणी मोठ्या बाईंची होती. तिथेच केस पांढरे झालेल्या त्या बाईंनी लिहिलं, सहा. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी त्याला बोलावलं.

“तू पन्नास आणि सहामध्ये चुकत नाहीस,” त्या म्हणाल्या. “हा तुझा आहे ना?”

त्याने मान डोलावली. मग खोट्या रिपोर्टसकट सगळं त्याने ओकून टाकलं. बाईंचा चेहरा दगडासारखा झाला.

“फॉर्मवर ‘सिगरेट नाही’ लिहिलंयस. स्लाइडवर सिगरेट दिसत नाही रे, पण तुझी बोटं पिवळी पडलीत. तो धूर रक्तातून तिथवर पोचतो. आणि महिनाभर साठवलंस म्हणजे ताकद नाही वाढत, जुने आतल्या आत मरतात, बिघडतात. आकडा थोडा फुगतो, एवढंच.”

सोडलं तर सुधारेल का, असं त्याने विचारलं. नवे तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तोवर धुराला शिवू नकोस आणि बायकोला दूर ठेवू नकोस, मग पुन्हा तपासू, असं त्या म्हणाल्या. खात्री मात्र त्यांनी दिली नाही. खोट्या कागदाचं उद्या वरिष्ठांच्या कानावर घालणार, हेही त्यांनी सांगितलं.

“त्याआधी घरी जा. त्या पोरीला उद्या टेबलावर झोपवू नकोस.”

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा बायको दवाखान्याची पिशवी भरत होती आणि आई या खेपेला तरी निकाल लागू दे म्हणत शेजारी बसली होती. त्याने आईसमोरच सांगितलं, की दोष माझ्यात आहे, तो रिपोर्ट मी बनवला होता, उद्याचं ऑपरेशन होणार नाही. आई म्हणाली, काहीतरीच काय बोलतोस. तो पुन्हा तेच बोलला, आणि यापुढे या घरात हिला कोणी एक शब्द बोलायचा नाही, असंही म्हणाला.

बायको रडली नाही. पोटावरच्या टाक्यांच्या खुणांवर हात ठेवून तिने विचारलं, “तो रिपोर्ट खोटा आहे हे तुला माहीत होतं, आणि तरी मला भूल देऊ दिलीस?”

सिगरेट त्या दिवसापासून सुटली. तिचा विश्वास परत येईल का आणि मूल होईल का, हे आजही कोणी सांगू शकत नाही.

मित्रहो, मूल होत नसेल तर आधी पुरुषाने स्वतःला तपासून घ्यावं. त्यात ना भूल, ना चिरफाड. लागते एक लहानशी डबी आणि थोडा खरेपणा. हा माणूस तेवढा खरेपणा दाखवायला घाबरला, म्हणून त्याच्या बायकोच्या पोटावर वार झाले.