वर्ख लावणारा श्वास

थोरला भाऊ गेला तो आमच्या बाइंडिंगच्या दुकानातच. कागदाचा गठ्ठा उचलून टेबलावर ठेवायला निघाला, मध्येच खाली बसला आणि उठलाच नाही. दादाला बीपी होतं. मलाही आहे.

त्यानंतर दोन वर्षं मी जड काही उचललं नाही. गठ्ठे बायको उचलायची; मी पुस्तकांच्या कण्यांवर सोन्याचा वर्ख लावत बसायचो. दंड इतके सुकले की मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरू लागलं.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालूच ठेवा. पण बीपी आहे म्हणून स्नायूंना सुट्टी देऊ नका. हलकं वजन बेतानं उचललंत तर ताकद येईल, बीपीलाही मदतच होईल."

"अहो, उचलतानाच गेला ना आमचा भाऊ!"

तरी त्यांनी सांगितलेल्या व्यायामशाळेत गेलो. व्यायाम शिकवणाऱ्या ताई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी दोन किलोचं डंबेल हातात दिलं. सातव्या वेळी कान गच्च झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. ताईंनी मला बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला आणि मशीनवरचा आकडा पाहिला.

"किती आलं?"

"आधी शांत बसा, काका."

देवा, दादासारखं नको रे. निदान घरी तरी पोचू दे. पंधरा मिनिटांनी आकडा उतरला. ताईंनी डॉक्टरांना फोन केला. परवा या, वजन निम्मं करू, असं ठरलं.

दोन दिवसांनी बायको सोबत निघाली. "तुमचा काय भरवसा? वाटेतूनच परत फिराल." खरंच फिरलो असतो.

एक किलोचं डंबेल. ती समोरच्या बाकावर बसून टक लावून बघत होती. तिसऱ्या वेळीच ताडकन उठली.

"अहो, श्वास सोडा! ताई, हे वर्ख लावतात तसं करताहेत!"

ताईंना कळेना. मग तिनं सांगितलं. सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो की नुसत्या श्वासानं उडतो. तो कण्यावर बसेपर्यंत हे श्वास रोखून धरतात. तीस वर्षांची सवय आहे.

"अगंबाई!" ताई म्हणाल्या. "काका, जोर लावताना श्वास कोंडला की बीपी झपकन चढतं. उचलताना सोडायचा, खाली आणताना घ्यायचा."

सांगायला सोपं. हात सावकाश हलायला लागला की माझी छाती आपली आपण कुलूप लावते. दोनदा विसरलो, दोनदा ओरडा खाल्ला.

"मग गा," बायको म्हणाली. "देवळात बुवांच्या कीर्तनात अभंगाचं ध्रुपद आलं की सगळ्यांच्या आधी तुमचाच आवाज चढतो. गाताना कुणी श्वास कोंडतं का?"

"इथं?"

"देव काय इथं ऐकत नाही?"

लाजत लाजत ध्रुपद धरलं. एकेक ओळ, एकेकदा डंबेल वर. नंतर ताईंनी आकडा मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा कुठे मी हसलो.

पण घरी येताना दादा आठवला. वर्ख मला त्यानंच शिकवला होता, ओठांवर बोट ठेवून. तो गठ्ठाही त्यानं तसाच, तोंड मिटून उचलला असेल का? आता कुणाला विचारू?

तीन महिने गेले. घड्याळ मनगटावर थांबायला लागलं. डॉक्टरांनी परवानगी दिली, तसं एका सकाळी दुकानात बायकोनं अर्धा गठ्ठा बांधून खाली ठेवला. त्याच जागी. दुसरी जागाच नाही आमच्याकडे.

मी वाकलो. ध्रुपदाचा पहिला शब्द निघाला, गठ्ठा जमिनीवरून सुटला, आणि दादा बसला होता ती फरशी दिसली. आवाज घशातच अडकला. छाती मिटायला लागली.

टेबलापलीकडून बायकोनं पुढचा शब्द उचलला. थोडी बेसूरच, पण खणखणीत. तिच्यामागून माझाही आवाज सुटला. ओळ संपली तेव्हा गठ्ठा टेबलावर होता आणि माझे दोन्ही हात त्याच्यावर होते.

"श्वास घ्या आता," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.