दहावी चूक

मित्रांनो, मी एक जुना पेनड्राइव्ह आहे, आणि माझा तुमच्यावर काडीचाही विश्वास नाही. 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हटलं. उगाच जवळ सरकू नका.

तुमच्या घरात असतात तसले पेनड्राइव्ह मी पुष्कळ पाहिलेत. कुणी मांजराच्या तोंडाचा, कुणी मोटारीच्या आकाराचा. ज्या कॉम्प्युटरला लावाल त्याच्यापुढे पोट मोकळं करणार, झेरॉक्सच्या दुकानातून व्हायरस घेऊन येणार आणि घरभर वाटणार. त्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. माझ्या अंगावर आकड्यांची बटणं आहेत. बरोबर नंबर दाबला तर माझा दिवा हिरवा होतो आणि मी उघडतो. चुकला तर लाल होतो. लागोपाठ दहा वेळा चुकला, तर आतली किल्ली मी गिळून टाकतो. मग पोटात जे काही आहे ते कुणालाच वाचता येत नाही, माझ्या मालकिणीलाही नाही.

कारखान्यात मला पाण्यात बुडवलं, उंचावरून फरशीवर आपटलं, आणि एका माणसानं दिवसभर मुद्दाम चुकीचे नंबर दाबून मला छळलं. माझा स्वभाव तिथंच घडला. बाकीच्यांना गोड बोलायला शिकवलं असेल, मला नाही शिकवलं.

मी एका संस्थेत कामाला लागलो. घरात मार खाणाऱ्या बायकांना तिथली माणसं गुपचूप दुसरीकडे राहायला नेतात. कोण कुठल्या खोलीत आहे, कुणाचं मूल आता कुठल्या शाळेत जातं, हे सगळं माझ्या पोटात. इंटरनेटवर काही ठेवायचं नाही, असा तिथला कडक नियम. एक प्रत ऑफिसच्या तिजोरीत आणि एक माझ्यात. दर बुधवारी संस्थेतल्या ताई मला पर्समध्ये घालून वकीलबाईंकडे न्यायच्या आणि परत आणायच्या. आतल्या चेनच्या कप्प्यात, डोकेदुखीच्या गोळ्यांच्या शेजारी माझी जागा. वकीलबाई एकदा म्हणाल्या, "तुमच्या ह्या पठ्ठ्यावर सगळी भिस्त आहे हो." मी काही फुशारलो नाही. कौतुक करणाऱ्यांवर मी जरा जास्तच लक्ष ठेवतो.

ताई हुशार, पण पहिल्याच दिवशी त्यांनी माझा नंबर काय ठेवला असेल? माहेरचा जुना टेलिफोन नंबर! तो फोन जाऊन किती तरी वर्षं झाली, पण नंबर काही घरातून हलला नाही. आईचा मोबाईल, प्रवासाच्या बॅगेचं कुलूप, कपाट, धाकट्या भावाचा लॅपटॉप, सगळ्यांना तोच. म्हणे विसरायची भानगड नको! माझा नुसता तिळपापड झाला. पण माझं ऐकतो कोण?

मग एके दिवशी संस्थेच्या दारात ताईंची भावजयच उभी राहिली. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हाताला बिलगलेली लहान मुलगी. "तुमच्याकडे येऊ की नको, कळत नव्हतं," ती म्हणाली. "शेवटी तुमचा भाऊ आहे तो." ताईंनी तिला पाणी दिलं, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. संध्याकाळच्या आत मायलेकींची सोय झाली आणि त्यांचा पत्ता माझ्या पोटात आला.

भावाविषयीही सांगून टाकतो. दिसायला देखणा, बोलायला साखर, दारूला कधी शिवला नाही. त्याची आई हे चारचौघांत कौतुकानं सांगायची. म्हणजे बायकोचा हात मोडला तो शुद्धीवर असताना. बायको गेल्यावर तो ताईंच्या मागं लागला. "ताई, एकदाच भेटू दे. पाया पडतो तिच्या. पत्ता दे ना." ताई म्हणायच्या, "मला माहीत नाही." खोटं आहे हे त्यालाही कळायचं. एकदा आईच्याच घरी, बाल्कनीत फोनवर कुणाला तरी सांगत होता, "सापडू दे फक्त. परत घर सोडायची हिंमत होणार नाही तिची." मी पर्समधून ऐकलं. हा पत्ता त्याच्या हाती लागला असता, तर पुढच्या वेळी नुसत्या प्लास्टरवर भागलं नसतं.

आणि त्याची आई! तिच्यावर तर माझा त्याच्याहून जास्त राग. बुधवारी ताई वाटेत तिच्याकडे थांबत. पर्स खुर्चीवर, आत मी, आणि बाहेर तिचं पालुपद चालू. "अगं, भांड्याला भांडं लागायचंच. समजावून आण तिला घरी." मला तर ती डबी म्हणायची. "ती डबी कसली गं सारखी सांभाळतेस?" ताईंनी एकदा बजावलं, "आई, तिला हात लावू नकोस हं. दहा वेळा नंबर चुकला की आतलं सगळं कायमचं जातं." "मला काय करायचंय तुझ्या डबीशी," असं म्हणून ती कप उचलून आत गेली. ह्या बाईनं आपल्या लाडक्या लेकाला माझ्याविषयी कधीच सांगितलं असणार, याची मला खात्री होती. आणि तसंच निघालं.

त्या बुधवारी आईला ताप होता. ताई फक्त मोबाईल घेऊन खाली औषधाच्या दुकानात गेल्या आणि पर्स खुर्चीवर राहिली. जरा वेळानं दाराचं लॅच वाजलं. घराची एक किल्ली भावाकडे असायची. आतल्या खोलीतून आई म्हणाली, "कोण, तू का? ताई आलीये रे. औषध आणायला गेलीये खाली." झालं! त्यानं पर्स टेबलावर उपडी केली. कंगवा, गोळ्या, रुमाल बाजूला सारले आणि मला उचललं. "आई सांगत होती ती डबी हीच," तो पुटपुटला.

पहिला नंबर दाबताना त्याला विचारही करावा लागला नाही. घरचा टेलिफोन. मी लाल झालो.

कारण भावजय आली त्या दिवशी ताईंनी मला तिच्यापुढं ठेवलं होतं. "नवा नंबर तूच टाक," त्या म्हणाल्या होत्या. "आमच्या घरातल्या कुणाला सुचणार नाही असा." तिनं डाव्या हाताच्या बोटानं, एकेक आकडा जपून दाबला होता.

त्याला तो लाल दिवा पटेना. त्यानं पुन्हा तोच नंबर दाबला, जोर लावून. जोर लावला की आकडे बदलतात असं काही माणसांना वाटतं. मग स्वतःची जन्मतारीख. शेंडेफळ ना! बहिणीच्या मनात आपल्याशिवाय दुसरं काय असणार! मग ताईंची, आणि ती नक्की आठवेना म्हणून महिना बदलून पुन्हा. मग स्वतःच्या लग्नाची तारीख. मग मुलीची जन्मतारीख, दोनदा, आणि दोन्ही वेळा चुकीची. खरी तारीख माझ्या पोटातच होती, म्हणून सांगतो. बापाला लेकीचा वाढदिवस ठाऊक नाही, आणि निघालाय तिचा पत्ता शोधायला! मला इतका संताप आला की हात असते तर मीच त्याच्या कानाखाली आवाज काढला असता.

आठ चुका झाल्या होत्या. "आई," तो ओरडला, "तुझी जन्मतारीख काय गं?"

आई भिंतीला धरत बाहेर आली. "कशाला रे?" असं म्हणेपर्यंत तिला उपडी पर्स दिसली, त्याच्या हातातला मी दिसलो.

"राहू दे," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम शांत झाला. "उगाच डोकं चालवतोय मी. येऊ दे ना ताईला. तिच्याच बोटानं उघडून घेतो. कशी नाही उघडत बघतो."

जिन्यावर पावलं वाजत होती, पण ती दुसऱ्या कुणाची तरी होती, वरच्या मजल्यावर निघून गेली. आईनं डोळ्यांवर चष्मा चढवला.

"तिला कशाला पाहिजे?" ती म्हणाली. "मला माहितीये नंबर. सांगून ठेवलाय तिनं. दे इकडं."

साफ खोटं! तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं मला तिच्या तळहातावर ठेवलं. हात तापानं भाजत होता. मी मनातल्या मनात तिला एवढ्या शिव्या घातल्या, तुम्हाला सांगण्यासारख्या नाहीत. ह्या बाईच्या बोटांना उभ्या आयुष्यात एकच नंबर पाठ. तिनं तो टाळला. तिनं एकाच्या बटणावर बोट ठेवलं आणि एक, एक, एक असं शेवटपर्यंत दाबत गेली.

लाल.

"अगं बाई, चुकलं वाटतं," ती म्हणाली. "थांब हं."

पुन्हा एक, एक, एक. दहावी चूक. मी किल्ली गिळली आणि माझा दिवा विझला.

"उघडलं का?" त्यानं विचारलं.

"नाही. आता ते तिलाही उघडणार नाही."

त्याला समजायला वेळ लागला. "आई, काय केलंस हे? घरात कुरबुरी होतातच, तूच म्हणायचीस ना!"

"म्हणायचे. भांड्याला भांडं लागतं म्हणायचे." तिनं मला मुठीत धरलं. "भांड्याला प्लास्टर घालतात का रे?"

त्यानं हात उगारला. ती जागची हलली नाही. "हं, मार," ती म्हणाली. "म्हणजे माझंही नाव त्या डबीत जाईल."

हात खाली आला. तिनं त्याच्याकडून घराची किल्ली मागून घेतली, तो गेल्यावर दाराला आतून कडी घातली आणि टेबलावर सांडलेला कंगवा, गोळ्या, रुमाल पुन्हा पर्समध्ये भरले. ताई आल्या तेव्हा ती पर्स मांडीवर घेऊन बसली होती. "तुझी डबी बिघडवली गं मी," ती म्हणाली. ताईंनी माझा विझलेला दिवा पाहिला, आईच्या हातातली भावाची किल्ली पाहिली, आणि आईच्या गळ्यात पडून त्या रडल्या. दुसऱ्या दिवशी तिजोरीतल्या प्रतीवरून माझं पोट पुन्हा भरलं. पुसलं गेलं होतं ते पोटातलं. कानांनी ऐकलेलं कसं पुसणार?

आता बुधवारी माझ्या शेजारी कधी केसांच्या क्लिपा असतात, कधी विणलेली टोपी. नातीसाठी. मला ती टोपी टोचते, कप्प्यात जागा उरत नाही, पण मी गप्प बसतो. ताई एकदा न राहवून म्हणाल्या, "आई, बरं आहे हो त्यांचं. जागा पण चांगली आहे, तिथं..." आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "नको सांगूस. तो विचारायला आला तर मला खरं खरं म्हणता आलं पाहिजे, माहीत नाही म्हणून."

तर मित्रांनो, मला मऊ कापडानं पुसू नका, माझं कौतुक करू नका. तुमच्या घरातल्या कुलपांचे नंबर तेवढे बदला. आणि कुणी जीव मुठीत धरून कुठं लपलं असेल, तर त्याचा पत्ता विचारू नका. मायेनंसुद्धा विचारू नका.

आता तुमच्या ओठांवर आलंच असेल, भावजयीनं टाकलेला नंबर कोणता होता म्हणून. म्हणूनच माझा तुमच्यावर विश्वास नाही. त्या म्हातारीवर आहे. नात तिची आहे, आणि ती विचारत नाही.