वेणूच्या पत्राचे उत्तर

पौषातले ऊन मिरजेवर विरळ, पांढुरके, दुखणाईताच्या हसण्यासारखे पसरले होते. त्या निस्तेज उन्हात इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना अच्युतरावांना रोज एकच पत्र आठवे. श्रावणात आलेले. उत्तर न दिलेले.

पत्र देवरुखच्या वेणूचे, धाकट्या बहिणीचे. “दादा, छातीत गाठ आहे. ऑपरेशन करून मग शेक घ्यावे लागतील म्हणतात, यंत्राच्या किरणांचे. माणूस भाजतो का रे त्यानं? तू एवढं वाचतोस. तू घे म्हणालास तर घेईन सगळं.”

जन्मभर ग्रंथालय सांभाळलेल्या त्या भिडस्त माणसाने तीन पुस्तके उघडली. एकात आशा होती, एकात आकडे, एकात शंका. चुकीचे लिहिले गेले तर? पाच मसुदे लिहिले, पाचही फाडले. चौथे पुस्तक मागवले. श्रावण सरला, भाद्रपद सरला, आश्विन सरला; आणि ते पुस्तक संपण्याआधी त्यांच्याच घशात गाठ निघाली.

आता तळघरातली ती शीतल, निळसर, निःशब्द खोली. त्यांच्याच चेहऱ्यावर बेतलेला जाळीचा मुखवटा, मुखवट्यासकट मेजाला जखडलेले मस्तक. “आजोबा, श्वास घ्या बिनधास्त, पण मान म्हणजे दगड हां!” म्हणत यंत्रावरची मुलगी बाहेर जाई. जड दार मिटे. मग एक गुणगुण. किरण दिसत नाही. किरण बोलत नाही. किरण भाजतही नाही, त्या घटकेला नाही.

भाजणे मागाहून येते, पावलांचा आवाज न करता. तिसऱ्या आठवड्यात गळ्याची कातडी वांग्यासारखी काळवंडली. तोंडात वाळवंट उतरले. पेजेचा घोट काट्याचा झाला.

“कितवा, मास्तर?” बाकावरचे बापू चौगुले विचारत. त्यांच्या गालाला शेक होता, आणि चष्मा लावणारा प्रत्येकजण त्यांना मास्तर वाटे.

“एकोणिसावा.”

“मग झालं! आता पेढा खावा नाहीतर खडू खावा, जिभेला कळतंय कुठं?”

पाचव्या आठवड्यात आवाज गेला. आणि त्याच आठवड्यात भाच्याचा, श्रीरंगाचा फोन आला.

“मामा, आईचं दुखणं हाडांत उतरलंय. ऑपरेशनला ती गेलीच नाही. आता बरी होणार नाही, पण निदान कळा थांबायला शेक घ्या म्हणतात डॉक्टर. तिचं एकच, दादाचं पत्र येऊ दे.”

अच्युतरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. नुसती वाफ निघाली.

पाच महिने ती त्यांच्या खात्रीची वाट पाहत होती. पाच महिने ते पुस्तकातल्या खात्रीची. मधल्या मधे काळोख वाढत होता, पेशीपेशीने, मुकाट, मन लावून.

दुपारी त्यांनी कागद घेतला. एकही पुस्तक उघडले नाही.

“वेणू, शेक घेताना दुखत नाही. फार एकटं वाटतं, पण थोडाच वेळ. माझा गळा नंतर भाजला. तुझं काय होईल, मला ठाऊक नाही. तेव्हाही नव्हतं, आणि तेवढंच लिहायचं धैर्य झालं नाही. माझ्यामुळे उशीर झाला. तरी घे. दादा सांगतो, घे.”

फाडण्यासाठी हात उचलला गेला. तसाच थांबला. मग त्याच हाताने पाकिटाला डिंक लावला.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी ते कितीतरी वेळ उभे होते. मग बोटे सुटली. आणि त्या लोखंडी, लालभडक, गंजक्या गळ्याने ते पत्र गिळले, अलगद, एका घोटात, कुठेही न दुखता.