वरच्या पट्टीतला आवाज

आमच्या घरात एका गाण्यावरून चाळीस वर्षं भांडण चाललं होतं, आणि ते गाणं मी कधी ऐकलंच नव्हतं.

हॉपटनमामानं तरुणपणी राजधानीत, किंग्स्टनला जाऊन रेगे गाण्यांची एक तबकडी काढली होती. 'लिंबाखाली' असं तिचं नाव. मागे साथीला दोघीजणी गायल्या. एक माझी आई क्लॅरिस, म्हणजे मामाची बहीण. दुसरी आयसिल्डा, जी पुढच्या वर्षी माझी मामी झाली. तबकडी काही खपली नाही. मामा वाडीवर परत आला, डोंगरउतारावर केळी लावली, शाळेची बस चालवली आणि गाणं म्हणायचा ते रविवारी चर्चमध्ये, तेही सगळ्यांबरोबर. वाजवायचं यंत्र आमच्याकडे नव्हतंच, आणि घरात होत्या त्या चार-सहा प्रती अठ्ठ्याऐंशीच्या वादळात छपराबरोबर गेल्या. राहिलं ते भांडण.

तिसरं गाणं होतं 'नळावरची पोरगी'. त्याच्या शेवटच्या कडव्यात एक आवाज असा वर चढतो, असा चढतो, की ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकावं, असं दोघीही सांगायच्या. पण तो आवाज कुणाचा?

"माझा," आई म्हणायची. "रेकॉर्डिंगवाल्यानं मला दोनदा गायला लावलं."

"तुला दोनदा लावलं, कारण पहिल्यांदा बेसूर झालीस," मामी म्हणायची. "मग मला बोलावलं. माझं एकदाच घेतलं."

"तुझा आवाज चढला की शेळ्या दावं तोडतात, आयसिल्डा."

ख्रिसमस असो, बारसं असो, कुणी वारल्यावरचं नऊ रात्रींचं जागरण असो, विषय निघायचाच. मामाला विचारलं की त्याला एकदम केळीच्या बागेत काहीतरी काम आठवायचं.

मी हायगेट ते ॲनॉटो बे टॅक्सी चालवतो. एका सकाळी व्हिनेट नावाची एक बाई मोठं खोकं घेऊन गाडीत बसली. तिचा भाऊ बार चालवायचा, तो वारला होता. त्याच्या जुन्या तबकड्या ती चर्चच्या विक्रीला नेत होती. खोकं मांडीवरून घसरलं आणि दोन-चार तबकड्या माझ्या सीटजवळ आल्या. वरच्या कव्हरवर एक काटकुळा तरुण दुसऱ्याच कुणाच्या तरी मोटारसायकलला टेकून उभा होता. चेहरा मला ओळखू आला नाही. कान ओळखू आले. ते कान आमच्याकडे आईला आहेत, मला आहेत, माझ्या मुलीलाही आहेत.

मी गाडी कडेला घेतली.

"काय झालं? पंक्चर?" बाईनं विचारलं.

"बाई, हा माझा मामा आहे."

तिनं कव्हर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "कानांवरून तर पटतंय. घे, ने. पास्टरला सांगेन, एक कमी भरली म्हणून."

पुढच्याच रविवारी, चर्च सुटल्यावर, वाडीतला ॲस्टली आपला साउंड, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र आणि स्पीकर, घेऊन आमच्या अंगणात आला. नाचाच्या रात्री तो माणसाच्या उंचीचे स्पीकर मांडतो. त्या दिवशी एकच आणला होता. मामीनं नीरफणस भाजायला ठेवला होता, आई नारळाच्या दुधातला बांगडा घेऊन आली होती. शेजारीपाजारी आपापल्या खुर्च्या उचलूनच आले. मामा हॅट मांडीवर ठेवून शाळेत बसावं तसा ताठ बसला होता.

ॲस्टलीनं तबकडी शर्टाला हलकेच पुसली आणि सुई टेकवली. आधी नुसती खरखर. मग बेसचा पहिला ठोका पडला, आणि टेबलावरच्या बश्या एकदम किणकिणल्या. त्यावर एक कोवळा, जरा घाबरलेला आवाज आला.

"बरा गातो पोरगा," मामा हळूच म्हणाला.

तिसरं गाणं सुरू झालं तशा आई आणि मामी दोघी उठून स्पीकरसमोर उभ्या राहिल्या. शेवटचं कडवं आलं. दोघींनी तोंड उघडलं, बरोबरीनं गाऊन सिद्धच करायचं म्हणून. आणि तो आवाज आला. सांगत होत्या त्याहून चांगला होता. नीरफणसाची साल काढणाऱ्या शेजारणीचा हात थांबला.

आईनं तोंड मिटलं. "हा... हा माझा नाही."

मामी ॲस्टलीला म्हणाली, "पुन्हा लाव. तेवढंच."

त्यानं पुन्हा लावलं. आवाज चढायच्या आधी नाकातून घेतलेला एक श्वास होता, बारीक शिटीसारखा. मामी गर्रकन वळली.

"हॉपटन! हा श्वास मी चाळीस वर्षं उशीशेजारी ऐकतेय!"

मामा हॅटकडे बघत राहिला. "तुम्ही दोघी भांडून पॅटी खायला निघून गेलात," तो म्हणाला. "रेकॉर्डिंगवाला म्हणाला, दोघींचंही जमलं नाही, स्टुडिओची वेळ संपत आलीय. मग मीच बारीक आवाज काढून गायलो."

"आणि तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" आई ओरडली.

"सांगणार होतो. पण परत येताना बसमध्ये तू म्हणालीस, तुझाच आवाज घेतला. ही म्हणाली, हिचा. तुम्ही दोघी इतक्या खूश होतात! आणि मला हिच्याशी लग्न करायचं होतं."

आईला हसू फुटलं, ते इतकं की तिला मामीच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. मामी डोळे पुसत म्हणाली, "तेव्हा याचा श्वास मला कुठे माहीत होता! लग्न झालं असतं तर तिथल्या तिथे पकडला असता."

"मामा, आता गा ना ती जागा," मी म्हणालो.

"आता ती चढण माझ्यानं नाही होत. गुडघे आणि गळा, दोन्ही गेले."

ॲस्टलीनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मामा बसल्या जागी मुख्य ओळी म्हणू लागला. त्याचा आवाज आता जाडा झाला होता, पण ताल पक्का होता. शेवटचं कडवं आलं तशी आई वरच्या पट्टीत गेली, मामी तिच्या खालच्या पट्टीत राहिली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. शेळ्या शांतपणे चरत होत्या, हे मी मुद्दाम पाहून घेतलं.

मग तबकडी उलटली. दुसऱ्या बाजूची गाणी तिघांनाही धड आठवत नव्हती. मामाच मधेच विचारायचा, "हे मी लिहिलं? खरंच?" आणि मान डोलवायचा. मामीनं नीरफणसाच्या गरम फोडी वाटल्या, आईनं प्रत्येकाच्या बशीत बांगडा वाढला, आणि ऊन डोंगरामागे जाईपर्यंत एकही खुर्ची हलली नाही.